तुमच्या नसलेल्या गाडीचा नंबर

अण्णा, मी एक जुनी मोटार घेतली आहे. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतं, "नंबर काय?" लोक गाडीचा रंग विचारतात, ॲव्हरेज विचारतात, तुम्ही आयुष्यभर फक्त नंबर विचारलात. आम्ही राहतो ते पापाकुरा ऑकलंडच्या दक्षिणेला आहे. तिथल्याच एका म्हाताऱ्या बाईंनी नवरा गेल्यापासून गॅरेजात चादरीखाली झाकून ठेवलेली ही ऑक्सफर्ड मला विकली. ऑक्सफर्ड म्हणजे आपल्या अँबॅसडरची विलायतेतली थोरली बहीण. तेच गोल खांदे, मागे तीच ऐसपैस सीट, दार लावताना तोच दणका. पहिल्यांदा दार लावलं आणि तो आवाज ऐकून माझे डोळे भरून आले. बाईंना वाटलं मी किमतीमुळे रडतोय, त्यांनी घाईघाईने चहा केला. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पुढचं सांगायची लाज वाटते, म्हणून आधी नंबराचं सांगतो.

इथे सरकार देतं तो नंबर तर असतोच, पण हौस असेल तर आपल्या मनाचाही घेता येतो. अक्षरं आणि आकडे मिळून फार तर सहा. आधी कुणी घेतलेला नको आणि अचकटविचकट काही नको, एवढ्याच अटी. लोक त्यावर स्वतःचं नाव घालतात, कुत्र्याचं घालतात. आमच्या पलीकडच्या रस्त्यावरच्या दंतवैद्याने गाडीवर इंग्रजीत दाढ लिहून घेतली आहे. तुम्ही कपाळाला हात लावला असतात. तर एका शनिवारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलो. मी, बायको आणि लेक. लेक आता फार्मासिस्ट आहे, माउंट रॉस्किलला नोकरी करते, शनिवारी-रविवारी घरी येते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीत येतं. मी 'आजोबा' सुचवलं, सुरुवातीला दोन 'ए' घातले की इंग्रजीत बरोब्बर सहा अक्षरं होतात. बायको कांदा चिरता चिरता म्हणाली, "घरात जावयाचा पत्ता नाही आणि तू कोणाचा आजोबा?" मग 'सातारा' घालून पाहिलं. तेही सहात चपखल बसत होतं, पण कुणीतरी आधीच पटकावलेलं. इतक्या लांब येऊनही आपलाच सातारकर आडवा यावा! आम्ही हसत होतो. तेवढ्यात लेकीचं लक्ष भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे गेलं. "डॅड, व्हाय आर वी इव्हन थिंकिंग? आजोबांच्या कारचा नंबर टाकू या ना. लुक, इट्स राइट देअर!" तिने खुर्चीवर चढून तो नंबर वाचला, टाइप केला आणि टाळी वाजवली. तीन अक्षरं, तीन आकडे, मोकळा होता. बायकोचा कांदा चिरायचा आवाज थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी लॅपटॉपकडे पाहिलं.

तो फोटो तुम्हाला आठवत असेल. आरटीओच्या कुंपणाला लागून कडुनिंबाखाली तुमची टपरी आणि टपरीसमोर गावातल्या डॉक्टरांची कोरी पांढरी अँबॅसडर. तुम्ही नंबर लिहून हात बाजूला घेतलात तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पेंटर, उभे राहा गाडीपाशी. तुमचाही एक काढतो." तुम्ही फडक्याला हात पुसलेत, कॉलर सारखी केलीत आणि बॉनेटवर हात ठेवावा की नाही या संकोचात बोटांची टोकं तेवढी टेकवलीत. ओला नंबर दिसावा म्हणून थोडे बाजूला सरकलात. गाडीचा मालक असा उभा राहत नाही, पण ते कळायला फोटो नीट पाहावा लागतो, आणि नीट पाहणाऱ्याला काही सापडू नये याची तजवीज मी केली होती. मूळ फोटोत तुमच्या पायाशी रंगाचे दोन डबे आहेत आणि तुम्ही बसायचात तो पालथा डबाही आहे. फोटो मोठा करून घेताना मी दुकानातल्या मुलीला खालचा भाग कापायला सांगितला. ती म्हणाली, पाय जातील. म्हटलं, जाऊ देत.

हे कशासाठी केलं, तर जुन्या गाड्यांच्या क्लबासाठी. तिथे नवा माणूस आला की त्याने उभं राहून आपलं आणि गाडीचं नातं सांगायचं अशी पद्धत आहे. कुणाच्या आजोबांनी तसल्याच गाडीतून मेंढ्या नेलेल्या, कुणाचा जन्मच मागच्या सीटवर झालेला. माझी पाळी आली. माझे वडील अशा गाड्यांचे नंबर रंगवायचे, हे वाक्य माझ्याजवळ तयार होतं. येताना गाडीत मी ते इंग्रजीत म्हणूनही पाहिलं होतं. तोंडातून आलं ते, "माय डॅड हॅड वन." चार शब्द. सगळे कौतुकाने हसले, एकाने पाठीवर थाप मारली. पुढच्या वेळी कुणी विचारलं, रंग कोणता होता? पांढरा. कुठे जायचात? महाबळेश्वरला. पुढे पुढे तर घाटात मला त्या गाडीत उलटी झालेलीही आठवायला लागली. क्लबाच्या एका पिकनिकला लेक बरोबर आली होती, तिने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलेलं, त्यामुळे हे सगळं भक्तिभावाने ऐकलं. घरी येऊन मला म्हणाली, तू मला हे कधीच का नाही सांगितलंस? मी म्हटलं, विषय निघाला नाही.

खोटं बोलायची ही माझी पहिली वेळ नव्हती, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पाचवीत शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी लिहिलं, 'नोकरी, आरटीओ'. संध्याकाळी तुमच्यापुढे सहीला ठेवला. तुम्ही चष्मा लावलात, वाचलंत, आईला हाक मारून तिलाही दाखवलंत. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही ती ओळ पट्टीने सरळ खोडलीत, वर वळणदार अक्षरात 'पेंटर' लिहिलंत आणि म्हणालात, "खोटं लिहायचंच असेल तर निदान अक्षर तरी बरं काढ. काय हे कोंबडीचे पाय!" आई हसली, तुम्हीही हसलात. मी तो फॉर्म दुमडून दप्तरात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बाईंकडून नवीन कोरा मागून घेतला. फॉर्म हरवला म्हणालो. त्यावर काय लिहिलं ते तुम्हाला कधी कळलं नाही, निदान मी तरी तसं धरून चाललो. पुढे लग्न ठरताना मुलीकडच्यांनाही आमचे अण्णा आरटीओत असतात असंच सांगितलं गेलं, आणि ते मीच सांगितलं होतं.

आणि काम तर तुम्ही असं करायचात की लपवायचं कारणच नव्हतं. मी डबा घेऊन यायचो तेव्हा पाहिलंय. नंबर तुम्ही माणसाच्या तोंडून कधी घेतला नाहीत, कागद दाखवा म्हणायचात. मोठा ट्रकमालक असो की एखादा साहेब, कागद नसला तर परत पाठवायचात. मग खडूची दोरी ताणून दोन रेघा उमटवायच्या, सुरुवात मधून करायची म्हणजे दोन्हीकडची जागा सारखी राहते, आणि श्वास रोखून एकेक आकडा. सगळं झालं की मालकाला सांगायचात, "दहा पावलं मागं जा आणि मोठ्यांदा वाचा." तो बिचारा उन्हात मागे मागे जायचा, बायका-पोरं हसायची, आणि तो शाळेतल्यासारखा आपलाच नंबर ओरडून वाचायचा. कुणी अडखळला तर तुम्ही तो आकडा पुसून पुन्हा लिहायचात. म्हणायचात, वाचता आला तर नंबर, नाहीतर नुसती नक्षी. इतक्या वर्षांत मी इथे इंजिनिअर म्हणून किती तपासण्या केल्या, किती कागदांवर सह्या केल्या. इतकी साधी आणि इतकी चोख तपासणी मला कुणी शिकवली नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

सांगायचं सोडा, मी काय केलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. पहिल्या नोकरीच्या पगारातून स्कूटर घेतली त्या वर्षी तुमच्या टपरीसमोर रेडियमचं दुकान निघालं होतं. चिकट कागदातून आकडे कापायचे आणि प्लेटवर डकवायचे, पाच मिनिटांत काम. तुमच्याकडची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली होती. पुण्याहून माझे कंपनीतले दोन मित्र माझ्याबरोबर आले होते. टपरीवर थांबलो असतो तर तुमची ओळख करून द्यावी लागली असती. मी पुण्याला गेल्यापासून तुम्ही दुपारी जेवायला घरी जायचात, ती वेळ मला माहीत होती. ती गाठली आणि स्कूटर समोरच्या दुकानात नेऊन उभी केली. संध्याकाळी मित्र परत गेल्यावर दारात ती तुम्ही पाहिलीत. गल्लीत दहा पावलं मागे गेलात आणि नंबर मोठ्यांदा वाचलात, एकेक आकडा. मी म्हटलं, "अण्णा, हल्ली सगळे रेडियमच लावतात." तुम्ही म्हणालात, "वाचता येतोय. झालं तर मग." आणि हातपाय धुवायला आत गेलात. रात्री आई भाकरी वाढताना हलक्या आवाजात म्हणाली, स्कूटर घेतोय असं तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी तुझ्यासाठी पत्रा घासून, काळा रंग दोनदा देऊन ठेवलाय, नुसता नंबर घालायचा राहिला होता. तो कोरा काळा पत्रा मग कितीतरी दिवस मोरीवरच्या फळीवर पडून होता. सुटीला घरी आलो, अंघोळीला गेलो की तो दिसायचा. मी एकदाही हातात घेतला नाही.

तर त्या शनिवारी लेकीने फॉर्म भरला आणि मला म्हणाली, कन्फर्म तू कर, कार तुझी आहे. मी बटण दाबलं. दुसरं काय करणार होतो? नाही म्हणायला कारण लागलं असतं, आणि कारण एकच होतं. दोन दिवसांनी मी गॅरेजात गाडी पुसत असताना बायको आली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "तू तिला सांगणार आहेस का?" मी म्हटलं, "काय?" "मला काय विचारतोस? पुढच्या महिन्यात तुमच्या क्लबाचा शो आहे. ती आजोबांच्या गाडीच्या हकीकतीचं कार्ड लिहायला घेणार आहे. ते गाडीच्या काचेत लागायच्या आत सांग, नाहीतर मी सांगेन." मी म्हटलं, एवढं काय, निरुपद्रवी गोष्ट आहे. ती म्हणाली, "माझ्या माहेरी तू आरटीओ सांगितलं होतंस. लग्नानंतर मी टपरी पाहिली तेव्हा मला राग आला, तो टपरीचा नव्हता. अण्णांना ते कळलं होतं. त्यांनी मला डाळ-तांदळाचे डबे नावं घालून दिले तेव्हा म्हणाले, सूनबाई, पोरगा वाईट नाही, नुसता घाबरट आहे." हे तुम्ही बोललात ते मला इतक्या वर्षांनी गॅरेजात कळलं.

प्लेट कुरिअरने आली. लेकीने फोटोतल्यासारखी काळ्यावर पांढरी अक्षरं निवडली होती. शोच्या आदल्या दिवशी तिने स्वतः गुडघ्यावर बसून स्क्रू फिरवले आणि विचारलं, "हाऊ डज इट लुक?" इथली पोरं 'झकास'ला म्हणतात तसं मी म्हटलं, "स्वीट ॲज." ती म्हणाली, "डॅड, प्लीज, तू नको तसं बोलू," आणि एवढं मात्र मराठीत बोलली म्हणून मी तिला चिडवलंही. मग ती एकदम गंभीर होऊन म्हणाली, "आजोबा वुड हॅव लव्ह्ड इट, राइट?" सांगायची वेळ तीच होती. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून पाहत होती. मी म्हटलं हो, खूप आवडलं असतं, आणि चहा टाकायला आत गेलो. बायकोने माझ्या हातातून आधणाचं भांडं घेतलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी."

सकाळी आवरायची गडबड झाली, असं मी म्हणेन. मैदानावर गाड्या रांगेत लागल्या. प्रत्येक गाडीच्या काचेत तिची हकीकत लिहिलेलं कार्ड. आमच्या कार्डावर लेकीने तुमच्या फोटोची प्रत चिकटवली होती आणि खाली सुंदर अक्षरात, ते मात्र तिच्याकडे तुमच्याकडून आलंय, लिहिलं होतं की ही माझ्या आजोबांच्या गाडीची आठवण आहे. मायलेकी गरम चिप्स आणायला गेल्या. तेवढ्यात एक म्हातारा आला. ऐंशीच्या पुढचा, लोकरीची जर्सी आणि पायात जॅंडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. काचेला नाक लावून फोटो पाहत राहिला. मी इथल्या पद्धतीने नमस्कार केला, "किआ ओरा, माझ्या वडिलांची गाडी." त्याने गाडीकडे पाहिलंच नाही. म्हणाला, "हू डिड द लेटरिंग?" मला कळेना. त्याने काचेवरून फोटोतल्या नंबरावर बोट ठेवलं. तो स्वतः चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या आणि बोटींची नावं रंगवत होता. म्हणाला, हा सात पाहा, खालपर्यंत एका दमात ओढलाय, ब्रश कुठे थांबलेला नाही. मला आयुष्यात असा सात जमला नाही. कोण होता हा माणूस?

"माय फादर," मी म्हटलं.

तो नीट वळला आणि त्याने माझा हात हातात घेतला. मग त्याने आणखी दोघांना बोलावलं, त्यांनी आणखी कुणाला. आणि अण्णा, मी सुटलो. खडूची दोरी सांगितली, मधून सुरुवात सांगितली, कागदाशिवाय परत पाठवलेला साहेब सांगितला, दहा पावलं तर मैदानावर चालून दाखवली. लोक हसले, वाहवा केली. एका बाईने त्याचं रेकॉर्डिंग केलं. गाडी डॉक्टरांची होती हेही बोलता बोलता सांगून टाकलं, इतक्या सहज की जणू मी ते कधी लपवलंच नव्हतं. तुम्ही होतात तोवर चारचौघांत मी तुमच्याबद्दल जेवढं बोललो नाही, तेवढं त्या अर्ध्या तासात बोललो. मला फार बरं वाटत होतं. मागे वळलो तर लेक उभी होती. दोन्ही हातांत चिप्सचे कागद. केव्हापासून उभी होती कोण जाणे, चिप्स गार झाल्या होत्या.

"यू टोल्ड हिम," ती म्हणाली. "नॉट मी." आवाज चढवला नाही. "वॉज इट अ सीक्रेट?" मी म्हटलं, सीक्रेट नव्हतं गं, मला लाज वाटायची. "ऑफ हिम?" मी हो म्हटलं. तिने चिप्स आईच्या हातात दिल्या, गाडीचं दार उघडलं, काचेतलं कार्ड काढलं आणि दुमडून खिशात घातलं. तो म्हातारा माझ्याशी अजून ब्रशच्या केसांबद्दल बोलत होता. परत येताना त्या दोघी लेकीच्या गाडीतून आल्या. मी एवढ्या मोठ्या गाडीत एकटा आलो.

तिने अजून मला काही विचारलेलं नाही. बायको म्हणते, शेवटी तू धीर केलास हे काही थोडं नाही. हे सगळं लिहून काढ आणि तिला वाचायला दे. लिहिलं तर खरं, पण देणार नाही. कारण बायकोला वाटतं तसा धीर मी केलेला नाही, आणि तिचा तो समज मी मोडला नाही. तुम्हाला सांगतो. त्या म्हाताऱ्याने आधी तुमच्या साताचं कौतुक केलं, म्हणून मी तुम्हाला माझे वडील म्हटलं. हे असं वेडंवाकडं कुणी लिहिलंय असं जर त्याने विचारलं असतं, तर मी म्हणालो असतो, होता एक पेंटर, रस्त्यावर बसायचा.